पेपर सगळ्यात शेवटी: बंद पडलेल्या एका हरितगृहाचं प्रकरण

हे हरितगृह काही वर्षं बंद होतं. सुमारे हजार चौरस मीटरचं, गॅल्व्हनाइज्ड पाइपांच्या सांगाड्याचं साधं पॉलिहाऊस. पंखे नाहीत, हवा थंड करणारे ओले पॅड नाहीत. बाजूचे पडदे आणि छतावरची फट यांवरच आतली हवा खेळायची. पेपर, म्हणजे छतावरचं प्लास्टिकचं आच्छादन, जागोजागी फाटून लोंबत होता, जो शाबूत होता त्यावर धूळ आणि शेवाळ, आणि आत कमरेएवढं तण. ज्या ताईंनी मला सल्ल्यासाठी बोलावलं त्यांच्या सासऱ्यांनी ते उभारलं होतं. आता त्यांना ते स्वतः चालवायचं होतं. मी पोहोचलो तेव्हा नव्या पेपरचं कोटेशन त्यांच्या हातात तयार होतं.

"सर, पेपर टाकल्यावर किती दिवसांत लागवड करता येईल?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

बंद हरितगृह पुन्हा सुरू करायला निघालेले बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. फाटका पेपर लांबून दिसतो, बिघडलेली माती दिसत नाही. मी उलट विचारलं, "बंद का केलंत?" त्या म्हणाल्या, "परवडेना." मग का परवडेना, कधीपासून परवडेना, असं मागे मागे जात राहिलो, तेव्हा त्यांनी सासऱ्यांची हिशोबाची वही काढून दिली. ही वही मिळाली नसती तर निदानाला बराच वेळ गेला असता. त्यात दर हंगामाचा टोमॅटोचा माल, खतांचा खर्च आणि पेपर कधी टाकला ते, सगळं होतं. माल तिसऱ्या पिकापासून घसरत गेला होता आणि खताचा आकडा त्याच वेगाने चढत गेला होता. हे झालं तेव्हा पेपर जेमतेम दोन वर्षांचा होता. म्हणजे हरितगृह पेपरमुळे बंद पडलंच नव्हतं. ते सोडून दिल्यावर पेपर फाटला.

मालाचा उतार वहीत होता, त्याचं लक्षण ताईंच्या आठवणीत होतं. दुपारी झाडं माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा उभी राहायची. पाणी कमी पडतंय म्हणून पाणी वाढवलं, मग अन्नद्रव्यं कमी पडताहेत म्हणून खत वाढवलं. दुपारी कोमेजून संध्याकाळी सावरणारं झाड मला नेहमी मुळांकडे पाठवतं.

तण उपटल्यावर

मुळं बघायला पीक लागत नाही, तण पुरतं. आत कामोणी आणि रानमाठ माजले होते. वेगवेगळ्या जागची रोपं कुदळीने मुळासकट सैल करून काढली. ओढून काढली की बारीक मुळं मातीतच तुटून राहतात आणि जे बघायचं तेच हातून जातं. बादलीत पाणी घेऊन मुळं हलक्या हाताने खळबळली. माती खाली बसली आणि मुळं मण्यांच्या माळेसारखी दिसायला लागली. गाठ मुळाच्या आतूनच फुगलेली, नखाने खरवडली तरी न निघणारी. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात त्या बाजूला चिकटलेल्या असतात, बोटाने सुटून येतात. हा फरक तिथल्या तिथे करून बघता येतो. ताईंनी स्वतः खरवडून पाहिलं.

या गाठी सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या किड्याच्या. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला मेलॉइडोगायनी म्हणतात. मातीतलं पिल्लू मुळात शिरतं, तिथेच बस्तान बसवतं. मादी तिथल्या तिथे फुगते आणि चिकट पुंजक्यात काहीशे अंडी घालते. माती २५ ते २८ अंशांच्या आसपास असेल तर साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार. टोमॅटो, काकडी, वांगी, भेंडी असं काहीही त्याला चालतं. गाठींमुळे मुळांची पाणी ओढायची वाट अडते, म्हणून वाफसा, म्हणजे मातीत पुरेशी ओल, असूनही झाड दुपारी कोमेजतं.

ताई म्हणाल्या, "पण इतकी वर्षं जमीन पडीक आहे. तिला विश्रांती मिळालीच की."

हा समज फार पसरलेला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. पडीक म्हणजे रिकामी नव्हे. कामोणी ही टोमॅटोच्याच कुळातली, आणि रानमाठावरही ही सूत्रकृमी व्यवस्थित वाढते. आत पाऊस नाही, नांगर नाही, तण मात्र बारमाही. म्हणजे इतकी वर्षं कोणीतरी सूत्रकृमीसाठी पीकच घेत होतं. जमीन खरोखर उघडी, तणविरहित ठेवली असती तर उपासमारीने त्यांची संख्या घटली असती. इथे तसं काही घडलं नव्हतं.

दुसरी गोष्ट वाफ्यांच्या खांद्यांवर दिसली: मातीवर फुललेला पांढरा थर. हरितगृहात पाऊस पडत नाही. ठिबकचं पाणी खाली जातं, मग उन्हाने वर चढून उडून जातं आणि त्यातले क्षार वरच ठेवून जातं. खत जास्त, तर हा साठाही जास्त. मातीचे नमुने घेताना वरचे पाच सेंटीमीटर, त्याखालचे पंधरापर्यंतचे आणि त्याखालचे तीसपर्यंतचे असे वेगवेगळे भरले. सगळं एकत्र कालवलं असतं तर वरच्या थराचा आकडा सरासरीत बुडाला असता. अहवालात वरचा थर टोमॅटोला झेपेल त्यापेक्षा बराच खारा निघाला, खालचा थर त्या मानाने बरा.

आकड्यांबद्दल एक सांगायला हवं. क्षार जितके जास्त तितकी विद्युतवाहकता जास्त. पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीच्या लगद्यातून काढलेल्या अर्कातली ती मोजली तर टोमॅटो आणि काकडीचं उत्पादन साधारण २.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे घटायला लागतं, ढोबळी मिरचीचं १.५ पासूनच. पण अनेक प्रयोगशाळा मातीत दुप्पट-अडीचपट पाणी मिसळून मोजतात, तेव्हा तोच क्षार पातळ होऊन आकडा लहान येतो. अहवालावर पद्धत लिहिलेली नसेल तर फोन करून विचारावी. लहान आकडा बघून निश्चिंत झालेले बागायतदार मी पाहिले आहेत. ताईंच्या अहवालात सोडियम फार नव्हता. त्यामुळे जिप्सम टाकायची गरज नव्हती, साध्या क्षारांना भरपूर स्वच्छ पाणी आणि चांगला निचरा पुरतो.

आणि निचराच नव्हता. साठ सेंटीमीटर खोल खड्डा काढला तेव्हा वीतभर खोलीवर कडक, चपटा थर लागला. वर्षानुवर्षं रोटाव्हेटरची पाती एकाच खोलीवर फिरली की तळाशी असा थर बसतो. खड्ड्यात पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ते जवळजवळ तसंच होतं.

तीन दुखणी, एकमेकांना धरून. कडक थरामुळे पाणी मुरत नव्हतं, पाणी मुरत नाही म्हणून क्षार धुऊन जात नव्हते, आणि क्षाराने दमलेली मुळं सूत्रकृमीला सोपी. या तिघांवर नवा पेपर टाकला असता तर वही पुन्हा तिथूनच पुढे लिहिली गेली असती.

माती बदलायची का?

घरातल्या एका वडीलधाऱ्यांचा सल्ला होता की वरची फूटभर माती उचलून टाका आणि नवी भरा. ऐकायला हा उपाय स्वच्छ वाटतो. पण हजार चौरस मीटरवर तीस सेंटीमीटर म्हणजे तीनशे घनमीटर माती, म्हणजे जवळपास चारशे टन. तेवढी काढायची, तेवढीच आणायची, खांबांच्या मधून. सूत्रकृमी त्याखालीही असते, आणि नवी माती कुठल्या शेतातून येते ते कोण तपासणार? दुसरा सल्ला होता सगळं पीक पिशव्यांमध्ये, कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर घ्या. तो वाईट नाही. पण पिशवीत चुकीला जागा नसते: पंप अर्धा दिवस बंद पडला तर पीक जातं, आणि रोजच्या रोज पाण्याची क्षारता आणि पीएच बघावा लागतो. पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या माणसाला मातीचा आधार असावा, असं माझं मत आहे आणि ते मी ठामपणे मांडलं. पिशव्या नंतर, लागतील तिथेच.

ठरलं ते असं. जुना पेपर पूर्ण काढायचा. कडक थर फोडायचा. कडक उन्हाच्या आठवड्यांत मातीला उन्हाने तापवायचं. मग येणारा सगळा पाऊस उघड्या जमिनीवर पडू द्यायचा. पाऊस थांबून हवा शांत झाली की नवा पेपर. म्हणजे पेपरचा खर्च जवळपास अर्धं वर्ष पुढे गेला. ताईंना सुरुवातीला हे जड गेलं. सांगाड्याखाली काहीच न पिकवता इतके महिने घालवायचे, हे सोपं नाही.

त्यांना मी एमर्ट यांची गोष्ट सांगितली. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात एमरी मायर्स एमर्ट यांनी काच परवडत नाही म्हणून लाकडी सांगाड्यावर प्लास्टिकचा पेपर लावून हरितगृह केलं. प्लास्टिकच्या हरितगृहांची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे पेपर हा जन्मापासून स्वस्त आणि बदलायचाच भाग आहे. दोनशे मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा चांगला पेपरही साधारण तीन-चार वर्षांचा सोबती. तो चढवला त्या दिवसापासून त्याचं आयुष्य मोजायला लागायचं. मग माती तयार नसताना ते का मोजायला घ्यायचं?

ऊन आणि पाऊस

जुना पेपर काढताना तो हातात चुरा होत होता. ते तुकडे मातीत गेले की कायमचे, म्हणून मशागतीआधी माणसं लावून वेचून घेतले. जाळायचा मोह होतो, जाळू नये. भंगारवाल्याने मळका पेपर नको म्हटलं म्हणून धुऊन, वाळवून, गठ्ठे बांधून पुनर्वापराला दिला.

कडक थर फोडायला मोठं यंत्र खांबांमध्ये फिरेना. वाफ्यांच्या जागी पहार आणि खोदकाट्याने माती उचलून सैल केली, उलटीपालटी केली नाही. कष्टाचं काम होतं, पण या एका कामाने पुढची दोन्ही कामं शक्य झाली. वाफे याच टप्प्यावर ढोबळ पाडून घेतले. त्याचं कारण पुढे येतं.

मातीचं सौरतापन ही पद्धत १९७६ मध्ये इस्राएलमधल्या कटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्रीय पद्धतीने मांडली. त्या काळी हरितगृहांत मातीच्या निर्जंतुकीकरणासाठी मिथाइल ब्रोमाइड वायू सर्रास वापरला जाई. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतरच्या वेळापत्रकानुसार विकसित देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत, मोजके अपवाद सोडून, त्याचा शेतीतला वापर थांबवायचं ठरलं. त्यामुळे उन्हाची किंमत वाढली.

करायला सोपं, बिघडवायला त्याहून सोपं. आधी माती भरपूर ओली करायची. ओल्या मातीतून उष्णता खोल जाते आणि ओलाव्यात जागे झालेले जीव उष्णतेला लवकर बळी पडतात. वर पारदर्शक, पातळ, पंचवीस ते पन्नास मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. काळा घेऊ नये: काळा स्वतः तापतो, पारदर्शक माती तापवतो. कागद मातीला घट्ट चिकटलेला, कडा मातीत गाडलेल्या, भोक पडलं तर त्याच दिवशी चिकटपट्टी. चार ते सहा आठवडे. नीट जमलं तर पाच सेंटीमीटर खोलीवर ४२ ते ५५ अंश मिळतात, पंचेचाळीस सेंटीमीटरवर मात्र ३२ ते ३७ च. म्हणजे वरचा थर बराचसा साफ होतो, खोलवरची सूत्रकृमी वाचते. म्हणूनच नंतर माती खोल उलटायची नाही, आणि म्हणूनच वाफे आधी पाडले होते.

आम्ही वाफ्यांवर पट्टे टाकले नाहीत, सगळी जमीन एकसंध झाकली. कागदाच्या कडेला माती नेहमी थंड राहते आणि पट्ट्यांना कडाच कडा असतात. एक जागा मात्र झाकता आली नाही: खांबांच्या पायाचं काँक्रीट आणि त्याभोवतीची माती. कागद खांबाभोवती कापून चिकटवला तरी तिथे हवा शिरत राहिली. तेव्हाच मी ताईंना सांगितलं की खांबांलगतच्या या ओळी लक्षात ठेवा.

छताचा जुना पेपर ठेवून, आत दुहेरी आच्छादन करून आणखी ताप मिळवता आला नसता का, असं विचारलं जातं. पेपर स्वच्छ आणि शाबूत असता तर नक्की. इथे धूळ-शेवाळाने तो ऊन अडवत होता.

नंतरचा पाऊस ही या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त मदत ठरली. ढोबळ नियम असा आहे की तीस सेंटीमीटर मातीतून तीस सेंटीमीटर पाणी खाली मुरून गेलं तर साधारण ऐंशी टक्के विद्राव्य क्षार धुऊन जातात. हजार चौरस मीटरवर ते पाणी तीन लाख लिटर होतं. विहिरीतून उपसून एवढं पाणी द्यायचं म्हणजे त्या पाण्यातले क्षारही सोबत द्यायचे; पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. छप्पर काढलेलं होतं, थर फोडलेला होता, बाहेर चर खणलेला होता. पाणी मुरत गेलं.

धोका होता तो बाहेरच्या पाण्याचा. शेजारच्या शेतातलं वाहून येणारं पाणी सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी सोबत आणतं. म्हणून चारी बाजूंनी फूटभर उंच बांध घातला आणि आत जाणाऱ्यांची अवजारं, चपला धुवायची सवय तेव्हापासूनच लावली. पावसात तण उगवणारच; त्याऐवजी झेंडू दाट पेरला. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमीला मारक असतात, पण झेंडू दाट हवा आणि दोन महिने तरी उभा हवा. कडेला चार झाडं लावून काही होत नाही. त्यातही उगवलेली कामोणी-माठ दर पंधरवड्याला उपटली, म्हणजे पिढी पुरी व्हायच्या आत. झेंडू कळ्यांवर येताच कापला, कारण फुलांत फुलकिडे घर करतात आणि ते टोमॅटोच्या दारात नको होते.

पाऊस ओसरल्यावर परीक्षा घेतली. महागडी काही नाही: वेगवेगळ्या जागांची माती, खांबांजवळचीही, कुंड्यांत भरली आणि प्रत्येकीत काकडीचं बी टोकलं. काकडी सूत्रकृमीला लगेच फसते. महिना उलटल्यावर रोपं बादलीत धुऊन मुळं पांढऱ्या ताटात पसरली. वाफ्यांमधल्या मातीतली मुळं पांढरी, सरळ, कुठे एखादी गाठ. खांबांजवळच्या मातीत गाठी स्पष्ट. अशी कुंडी-परीक्षा कामाच्या आधी आणि नंतर दोन्हीदा घ्यावी. प्रयोगशाळेचा अहवाल आला तरी घ्यावी, कारण स्वतः धुतलेली मुळं बघितलेला माणूस पुढे चपला न धुता आत जात नाही.

सांगाडा आणि पाणी

माती उन्हात तापत होती तेव्हा सांगाड्याचं काम चाललं. वर चढायच्या आधी खाली बघायचं, हा माझा आग्रह असतो. पाइप वर चकचकीत असतो आणि जमिनीच्या पातळीवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही असतात, तिथे गंजतो. प्रत्येक खांबाभोवतीची माती वीतभर काढून हातोडीने ठोकून ऐकलं. निरोगी पाइप खणखणतो, गंजलेला बद्द बोलतो. शंका आली तिथे बारीक छिद्र पाडून जाडी पाहिली. गंजलेले खांब जवळजवळ सगळे एकाच ओळीत निघाले, आणि वर पाहिल्यावर कारण कळलं: छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या गटरचा उतार बिघडलेला, पाणी शेवटच्या तोंडाशी न जाता मधल्या सांध्यातून त्या खांबांच्या पायथ्याशी गळत होतं. नुसते खांब दुरुस्त केले असते तर गटरने तेही खाल्ले असते.

खराब भाग कापून बाहेरून मोठ्या व्यासाच्या पाइपची बाही नटबोल्टने बसवली. वेल्डिंग शक्यतो टाळलं, कारण तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो; जिथे इलाज नव्हता तिथे जस्तयुक्त रंगाचे दोन हात दिले. काही तिरके आधार मधल्या काळात कोणीतरी काढून नेले होते, ते परत बसवले. वाऱ्यात सांगाडा उभा राहतो तो त्यांच्यावर.

कमानी थोड्या वाकलेल्या होत्या आणि त्याचा दोष वाऱ्याला दिला जात होता. पण पिकाच्या दोऱ्या थेट कमानींना बांधलेल्या होत्या. टांगलेल्या टोमॅटो-काकडीसाठी हरितगृहाच्या रचनेत चौरस मीटरला पंधरा किलोचं वजन धरतात; हजार चौरस मीटरवर पंधरा टन होतात. हे वजन कमानींवरून उतरवून दोन्ही टोकांना स्वतंत्र अँकर केलेल्या तारांवर घेतलं.

गटरचं पाणी आता टाकीकडे वळवलं आहे. पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी या छपरावरून पाच लाख लिटर पाणी खाली येतं. सगळं साठवता येत नाही, पण जेवढं साठेल तेवढं विहिरीच्या पाण्यात मिसळलं की ठिबकमधून मातीत जाणारे क्षार तेवढे कमी.

ठिबकच्या नळ्या उघडल्या तेव्हा टोकाशी तपकिरी गाळ आणि ड्रिपरमध्ये पांढरा खडू. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला, फसफसला. म्हणजे चुनखडीचे क्षार. मुख्य पाइप ठेवले, आम्लाच्या पाण्याने धुतले. हे काम करणाऱ्याने हातमोजे, चष्मा घालावा आणि नेहमी पाण्यात आम्ल ओतावं, आम्लात पाणी कधीही नाही. लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळींतल्या ड्रिपरच्या नळ्या, मात्र बदलल्या. अर्धवट तुंबलेला ड्रिपर फसवा असतो: एका झाडाला पाणी कमी, शेजारच्याला जास्त, आणि वरून सगळं सुरू दिसतं. जोडणी झाल्यावर ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पेले ठेवून पाणी मोजलं.

कीटकरोधक जाळी शाबूत होती, फक्त धुळीने बुजलेली. कमी दाबाच्या पाण्याने धुतल्यावर तिच्यातून हवा यायला लागली. फुलकिडा अडवायला भोक ०.२ मिलिमीटरच्या आसपास लागतं, आणि एवढी बारीक जाळी हवाही अडवते, म्हणून छताची फट पूर्ण उघडते की नाही हे जास्त काळजीने पाहिलं. तिची दोरी नवी घातली. दारं दुहेरी केली.

पेपर

पेपर चढवला तो पाऊस संपून हवा स्थिरावल्यावर, सकाळी, वारा नसताना. फार थंडीत ताणलेला पेपर उन्हात ढिला पडून फडफडतो, फार उन्हात ताणलेला थंडीत आकसून शिवणीवर ताण आणतो. पेपरला आतली आणि बाहेरची बाजू असते. थेंब न गळू देणारी बाजू आत हवी, नाहीतर पहाटे पिकावर थेंब टपकतात आणि बुरशीला निमंत्रण. पाइप आणि प्रोफाइल (पेपर अडकवायच्या धातूच्या खाचपट्ट्या) जिथे पेपरला टेकतात तिथे पांढरा रंग दिला, कारण तापलेल्या धातूवरच पेपर आधी खराब होतो. पेपर धरून ठेवणारी झिगझॅग स्प्रिंग प्रत्येक प्रोफाइलमध्ये पूर्ण लांबीभर. पैसे वाचवायला मधे मधे सोडलेली स्प्रिंग पहिल्या वादळात भारी पडते. गंधकाची धुरी किंवा वारंवार फवारणी केली तर पेपरमधलं अतिनील संरक्षण निकामी व्हायला लागतं, म्हणून भुरी रोगासाठी काय वापरायचं हे ताईंनी आधीच ठरवून ठेवलं.

टोमॅटो, पण अटींवर

ताईंना टोमॅटोच हवा होता. माझा विरोध पिकाला नव्हता, जातीला आणि वेळेला होता. सूत्रकृमीला प्रतिकार करणाऱ्या टोमॅटोच्या जाती मिळतात. पाकिटावर एमए, एमआय, एमजे अशी अक्षरं असतात. त्यांच्यात एमआय नावाचा जनुक असतो आणि त्याची एक मर्यादा आहे: माती सुमारे २८ अंशांच्या वर गेली की तो काम करेनासा होतो. भर उन्हाळ्यात हरितगृहात लावलेली प्रतिकारक जात गाठींनी भरते ती यामुळे, आणि मग बियाण्याला बोल लावला जातो. पावसानंतरच्या थंड दिवसांत मात्र माती त्या खाली राहते. म्हणून पंधरा सेंटीमीटर खोलीवर मातीचा थर्मामीटर रोवला आणि तो २८ च्या खाली स्थिर दिसल्यावर लागवड झाली. लागवडीआधी वरच्याच थरात चांगलं कुजलेलं कंपोस्ट, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली. कोंबडखत आणायला निघालेल्यांना थांबवलं. ताज्या कोंबडखतात क्षार भरपूर असतात.

खत या वेळी वहीच्या सवयीने दिलं नाही. दर आठवड्याला मुळांच्या पट्ट्यातली क्षारता बघून दिलं, आणि आधीच्या निम्म्याहूनही कमी मात्रेत भागलं, याचं ताईंनाच नवल वाटलं. आत वारा नसल्याने फुलांचे घोस दुपारच्या आधी हलवावे लागले, ते काम त्यांनी चुकवलं नाही. पिकाने दुपारी माना टाकल्या नाहीत. माल शेवटच्या तोडणीपर्यंत येत राहिला.

पीक काढताना प्रत्येक ओळीतली काही झाडं मुळासकट खणून धुतली. वाफ्यांच्या मध्यभागी मुळं स्वच्छ. खांबांलगतच्या ओळींत गाठी आहेत, आधीपेक्षा कमी, पण आहेत. प्रतिकारक जात असूनही आहेत, कारण पिकाच्या शेवटच्या टप्प्यात माती तापायला लागली होती. वरच्या थरातली क्षारताही लागवडीच्या वेळेपेक्षा चढली आहे, पण टोमॅटोच्या सोसण्याच्या आत.

पुढे काय करायचं तेही ठरलं आहे. खांबांलगतच्या ओळी जमिनीतून काढून तिथे पिशव्या ठेवायच्या, खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरून, म्हणजे मुळं मातीत उतरणार नाहीत. मधल्या वाफ्यांवर उन्हाच्या आठवड्यांत पुन्हा सौरतापन, या वेळी वर स्वच्छ पेपर असल्यामुळे पडदे बंद करून. ठिबक आणि फॉगरचे (बारीक तुषार उडवणाऱ्या तोट्यांचे) प्लास्टिकचे भाग तेवढ्या काळात काढून ठेवायचे, ते बंद घरातल्या तापात वाकतात. मग टाकीतल्या पावसाच्या पाण्याने थांबून थांबून सिंचन करून क्षार खाली ढकलायचे. सलग पाणी तुंबवण्यापेक्षा असं टप्प्याटप्प्याने दिलं की कमी पाण्यात काम होतं. पिशव्यांसाठीचं कोकोपीट आलं आहे. त्यातला सोडियम काढायला ते आधी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून, धुऊन घ्यायचं आहे, आणि ते धुतलेलं पाणी वाफ्यांवर न सोडता बाहेरच्या चरात.